गाडी घसरवायला शिकण्याआधी : ड्रिफ्टिंगच्या पहिल्या धड्याची तयारी



धूर काढत, आडवी होऊन वळणारी गाडी आपल्या मुलांनी मोबाईलवर कितीतरी वेळा पाहिलेली असते. चौथी-पाचवीची मुलं खेळण्यातली गाडी फरशीवर तशीच फिरवतात आणि तोंडाने टायरचा आवाजही काढतात. हीच मुलं आठ-दहा वर्षांनी हातात लायसन घेऊन उभी राहतात. तेव्हा घरात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "असलं काही करायचं नाही." दुसरं, "कर, पण जपून कर." पहिल्या वाक्याने कुतूहल जात नाही आणि दुसऱ्या वाक्याने जपायचं कसं ते कळत नाही.

आजच्या लेखात आपण ड्रिफ्टिंग या प्रकाराकडे एक पाठ म्हणून पाहणार आहोत. मागच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्यांदा घसरवून पाहायची असेल, तर त्याआधी काय काय तयार हवं? तुम्ही स्वतः शिकणार असा, तुमचा लायसनधारक मुलगा किंवा मुलगी शिकणार असो, किंवा वर्गात फक्त घर्षण शिकवायचं असो, हा क्रम उपयोगी पडेल.

ड्रिफ्टिंग म्हणजे नेमकं काय?

वळणावर गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरू द्यायची, गाडी तिरकी करायची आणि तरीही ती आपल्याला हव्या त्या मार्गावर ठेवायची, याला ड्रिफ्टिंग म्हणतात. गाडी घसरणं म्हणजे ड्रिफ्टिंग नव्हे. घसरणं तर कुणाचंही होतं, पहिल्या पावसात घाटात होतंच. घसरत असताना गाडी ताब्यात असणं हा यातला खरा भाग आहे. सायकल चालवणारा तोल सांभाळतो, तसाच हा तोल आहे, फक्त तो हजार-बाराशे किलोच्या वस्तूचा आहे.

हा प्रकार जपानमध्ये वाढला. १९७० च्या दशकात कुनिमित्सू ताकाहाशी हे शर्यतपटू वळणावर गाडी घसरवत नेत असत. हेच ताकाहाशी १९६१ मध्ये मोटरसायकलची जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणारे पहिले जपानी स्वार होते. त्यांचं पाहून केइची त्सुचिया हा तरुण डोंगरातल्या वळणदार रस्त्यांवर सराव करू लागला. त्याची गाडी होती टोयोटाची एई-८६, १.६ लिटर इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी, साधी. १९८७ मध्ये त्याच्या या कौशल्याची एक चित्रफीत निघाली आणि रस्त्यावर अशी गाडी चालवल्याबद्दल त्याचं लायसन काही काळ निलंबित झालं. पुढे जग त्याला 'ड्रिफ्ट किंग' म्हणू लागलं. हे कौशल्य खेळ म्हणून उभं राहिलं ते मात्र बंदिस्त ट्रॅकवर आल्यावर. २००१ मध्ये जपानमध्ये डी-१ ग्रां प्री ही स्पर्धा सुरू झाली आणि २००४ मध्ये अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्टचा पहिला हंगाम झाला. या स्पर्धांत सर्वांत आधी कोण पोहोचलं ते पाहत नाहीत. गाडीचा कोन, धरलेली रेषा, वेग आणि सफाई यांना गुण देतात.

मुलांना हा इतिहास जरूर सांगा. ज्याला राजा म्हणतात, त्यालाही रस्त्यावर माफी मिळाली नाही, हे त्यांच्या लक्षात राहतं.

मागचीच चाकं का?

प्रत्येक टायर जमिनीला साधारण आपल्या तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. चार तळहात, आणि त्यांवर सगळी गाडी! या तळहाताकडे पकडीची ठरावीक शिदोरी असते. ती वेग वाढवायला, ब्रेक लावायला आणि वळायला वाटून वापरावी लागते. एका कामाला जास्त दिली की दुसऱ्याला कमी पडते.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक गाड्यांत पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि तीच वळवतातही. शिदोरी संपली की गाडी वळायचं सोडून सरळ पुढे जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत काम वाटलेलं असतं. मागची चाकं ढकलतात, पुढची दिशा देतात. वळणात जास्त रेस दिली की मागच्या चाकांची शिदोरी संपते आणि ती बाजूला घसरतात, पण पुढच्या चाकांची पकड शिल्लक असते. त्या उरलेल्या पकडीवरच चालक गाडी सांभाळतो. म्हणून ड्रिफ्टिंग शिकायला मागच्या चाकांची गाडी लागते.

इथे एक धोक्याची सूचना. जुनी अँबॅसिडर, पद्मिनी, ओम्नी, इको, बोलेरो या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्याच गाड्या. पण ओम्नी, इको किंवा बोलेरोसारखी उंच गाडी बाजूला घसरताना एखाद्या खड्ड्याला किंवा कडेला अडली की सरळ उलटते. "आपली गाडी रिअर-व्हील आहे, मग जमेल" हा हिशोब अपुरा आहे. गाडी बुटकी आणि बसकी हवी.

वर्गात करून पाहा

साहित्य : खेळण्यातली मोकळी फिरणारी गाडी, चिकटपट्टी, गुळगुळीत फळी, दोन-तीन पुस्तकं.

कृती : पुस्तकांवर फळीचं एक टोक ठेवून उतार तयार करा. आधी गाडीची पुढची दोन चाकं चिकटपट्टीने घट्ट बांधा, गाडीचं तोंड खाली करून सोडा. उतार कमी पडून गाडी अडली, तर एक पुस्तक वाढवा. गाडी घसरत सरळ खाली येते. आता पट्टी काढून मागची दोन चाकं बांधा आणि पुन्हा सोडा. गाडी थोडी खाली येते आणि गर्रकन फिरून पाठमोरी होते.

मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेकांचा अंदाज उलटा येतो आणि म्हणूनच प्रयोग लक्षात राहतो. कारण सोपं आहे. फिरणारं चाक बाजूला सरकायला विरोध करतं. न फिरणारं, घसरणारं चाक असा विरोध करत नाही, ते कुठेही वाहवत जातं. मागची चाकं वाहवली की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. ड्रिफ्ट करणारा चालक ही शेपटी बाहेर येऊ देतो, पण पूर्ण पुढे येऊ देत नाही. संपूर्ण कौशल्य एवढ्या एका वाक्यात आहे.

पहिली तयारी : जागा

आता मुख्य मुद्दा. कुठलीही नवी गोष्ट शिकताना चुका होणारच. पोहायला शिकवताना आपण मुलाला आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरवतो, नदीच्या डोहात नाही. पाणी दोन्हीकडे तेच असतं, पण चुकीची किंमत वेगळी असते. शिकवणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे चूक स्वस्त करणं. ड्रिफ्टिंगमध्ये ते काम जागा करते.

जागा कशी हवी?

१. बंदिस्त आणि परवानगीची. रात्रीचा रिकामा रस्ता, सोसायटीचं पार्किंग, अर्धवट बांधलेला बायपास, यांतलं काहीही चालणार नाही. तिथे कोण कधी येईल हे आपल्या हातात नसतं.

२. सपाट आणि अडथळे नसलेली. खांब, दुभाजक, झाड, गटार, कडेची उंच पट्टी नको. मध्ये फक्त प्लॅस्टिकचे शंकू.

३. ओली. हे वाचून नवल वाटेल, पण सुरुवात ओल्या जमिनीवरच करावी. थोडं गणित पाहू. १० मीटर त्रिज्येच्या गोलात गाडी फिरते आहे. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर गाडी ताशी सुमारे ३० किलोमीटरला घसरू लागते. ओल्या जमिनीवर घर्षणांक ०.४ धरला, तर तीच गाडी सुमारे साडेबावीसला घसरते. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत असते, म्हणजे ओल्यावर घसरणाऱ्या गाडीत ती जवळजवळ निम्मीच असते. धडा तोच, पण चूक निम्म्या किमतीत. शिवाय टायर कमी झिजतात आणि सगळं थोडं सावकाश घडतं, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.

४. भरपूर मोठी. ओल्या जमिनीवर ताशी ४० ने घसरलेली गाडी थांबायला याच हिशोबाने साधारण १६ मीटर लागतात. म्हणून ज्या शंकूभोवती फिरायचं, त्याच्या चारही बाजूंना त्याच्या तिप्पट, म्हणजे ५० मीटरच्या आसपास मोकळी जागा असावी. बघायला आलेले लोक त्याच्याही पलीकडे, आणि शक्यतो भिंतीमागे.

आपल्या देशात चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे मान्यताप्राप्त ट्रॅक आहेत. तुम्ही जिथे जाल, तिथे प्रशिक्षक आहे का, रुग्णवाहिका आणि अग्निशामक साधनं आहेत का, एका वेळी किती गाड्या सोडतात, हे आधी विचारा. आपल्या गाडीची विमा पॉलिसीही काढून वाचा. शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर नेहमीच्या मोटार विम्यात धरलेला नसतो. त्यामुळे तिथे झालेलं नुकसान आपल्याच खिशातून जाईल असं धरून चाला.

दुसरी तयारी : गाडी

पहिल्या दिवसासाठी जास्त ताकदीची गाडी नको, निरोगी गाडी हवी. हाताने गिअर बदलायची असेल तर बरं.

- आतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढा. पाण्याची बाटली, मोबाईल, देवाची सुटी मूर्ती, डिकीतला जॅक आणि स्टेपनीसुद्धा. चालकाच्या पायाखालची मॅट काढाच, ती पेडलखाली अडकते.
- चाकांचे नट पान्याने तपासा. बॅटरी घट्ट बसली आहे का पाहा.
- इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल पातळीला हवं. गाडी हळू आणि इंजिन जोरात, असं हे काम असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो आणि इंजिन लवकर तापतं. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.
- पुढचे टायर चांगले हवेत, कारण दिशा तेच देतात. मागचे जुने चालतील, पण तार दिसणारे किंवा फुगवटा आलेले नकोत. हवा किती भरायची ते प्रशिक्षकाला विचारा आणि दर फेरीनंतर पुन्हा मोजा. टायर तापला की हवेचा दाब वाढतो.
- हँडब्रेक मागच्या चाकांना नीट लागतो का ते पाहा.
- नव्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती चालू असेल तर गाडी घसरू लागताच रेस कापते. ती कशी बंद होते ते पुस्तिकेत आधीच वाचा, आणि परत रस्त्यावर येण्याआधी ती चालू करायला विसरू नका.

अनेक जण एलएसडीबद्दल विचारतात. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाची पकड आधी सुटते, ते एकटंच गरगर फिरत राहतं. एलएसडी हा असा डिफरन्शियल आहे जो दोन्ही मागच्या चाकांना बरोबर फिरायला लावतो. लांब ड्रिफ्टसाठी तो लागतो. पहिल्या दिवशी ओल्या जमिनीवर त्याच्यावाचून अडत नाही.

तिसरी तयारी : स्वतः

बसण्यापासून सुरुवात करा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. सीटबेल्ट घट्ट, डोक्यावर हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट. चप्पल घालून गाडीला हात लावू नये. रात्रीची झोप झालेली असावी, सोबत पाणी असावं.

मग तीन गोष्टी घरीच, बंद गाडीत बसून पाठ करा.

एक, नजर. जिथे जायचं तिथे बघायचं. खांबाकडे बघाल तर हात खांबाकडेच नेतात. ज्यांनी लहान मुलांना सायकल शिकवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन, हात. मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टेअरिंगही उजवीकडे. घसरताना पुढची चाकं बऱ्याचदा स्वतःच त्या दिशेला वळायला बघतात. स्टेअरिंग आवळून धरू नका, हातातून फिरू द्या आणि योग्य जागी पकडा.

तीन, पाय. गाडी घसरली की दचकून रेस एकदम सोडली जाते. तसं केल्याने वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. नाहीतर पकड अचानक परत मिळून गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. रेस कमी करायची ती थोडी थोडी. आणि गाडी हाताबाहेर गेलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे. हे शेवटचं वाक्य पाढ्यासारखं पाठ हवं, कारण त्या क्षणी आठवायला वेळ नसतो.

पहिल्या दिवसाचा क्रम

सोप्याकडून कठीणाकडे हे आपलं डी.एड.ला शिकलेलं सूत्र इथे जसंच्या तसं लागू पडतं.

१. जागेवर पायी फेरी मारा. तेल, खडी, खड्डे, पाण्याचं डबकं डोळ्यांनी पाहा.
२. प्रशिक्षकाशेजारी बसून दोन फेऱ्या नुसत्या अनुभवा. घसरणं पोटात कसं जाणवतं ते शरीराला कळू द्या.
३. सावकाश चालवत थेट ब्रेक लावून पाहा. आज जमीन किती धरते ते समजेल.
४. एका शंकूभोवती गोल. सावकाश वळत थोडी जास्त रेस द्या, मागचा भाग सुटला की सावरा आणि थांबा. अजून गोल पूर्ण करायचा नाही. सुटणं आणि सावरणं, एवढंच दहा वेळा.
५. मग पाव गोल, अर्धा गोल, पूर्ण गोल.
६. दोन शंकू ठेवून इंग्रजी आठचा आकडा. इथे घसरण डावीकडून उजवीकडे बदलावी लागते. पहिल्या दिवशी इथवर पोहोचलात तरी पुष्कळ आहे.

हँडब्रेक ओढून गाडी फिरवणं किंवा क्लचला झटका देऊन घसरण सुरू करणं हे पुढचे धडे आहेत. दर पाच-सात मिनिटांनी थांबा. इंजिनालाही विश्रांती मिळते आणि डोक्यालाही. थांबताना तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा.

परत रस्त्यावर येताना

पालकांनी हा भाग नीट वाचावा. नॉर्वेमध्ये लायसनसाठी ट्रॅकवरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. तिथे पूर्वी निसरड्यावर गाडी सावरण्याचं कौशल्य शिकवण्यावर भर होता. पण असं दिसून आलं की या शिक्षणानंतर तरुण पुरुष चालकांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. सावरता येतं म्हटल्यावर वेग वाढला. म्हणून पुढे तिथला भर धोका ओळखायला शिकवण्याकडे वळवला गेला. यातून आपण काय घ्यायचं? गोल पूर्ण झाल्यावर मुलाला "शाब्बास" म्हणा, आणि लगेच विचारा, "हे ५० मीटर मोकळं मैदान नसतं, समोरून एसटी आली असती, तर?" उत्तर त्यालाच देऊ द्या.

कायद्याची बाजूही सांगा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन मिळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देताना हे आकडे आठवावेत.

स्वाध्याय

१. खेळण्यातल्या गाडीची चारही चाकं बांधली तर ती कशी खाली येईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.
२. फळीवर थोडं तेल लावून प्रयोग पुन्हा करा. काय बदललं?
३. वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारं अंतर किती पट होईल? ताशी ३० आणि ६० साठी काढा.
४. पालकांसाठी : तुमच्या मुलाला शिकायची असलेली एखादी धोक्याची गोष्ट निवडा, पोहणं, झाडावर चढणं, गॅस पेटवणं. तिथे चूक स्वस्त करण्यासाठी तुम्ही काय कराल, ते तीन ओळींत लिहा.

मुलांचं धाडस आपण बंद करू शकत नाही, आणि करूही नये. पण त्या धाडसाला जागा, क्रम आणि सोबत देणं आपल्या हातात आहे. ते आपण दिलं नाही, तर मुलं रात्रीचा रिकामा रस्ता स्वतःच शोधून काढतात.